तंजावरचा राजवाडा : कलासंग्रह की कलास्थान?

१

राजसत्ता लयास गेल्यानंतर राजवाड्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न आधुनिक समाजापुढे वारंवार उभा राहिला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये पॅरिसचा लूव्र राजवाडा सार्वजनिक संग्रहालय म्हणून खुला झाला, तेव्हा ह्या प्रश्नास पहिले ठळक उत्तर मिळाले. राजाच्या दालनांत राजाने जमविलेल्या वस्तू ठेवावयाच्या आणि त्या पाहण्याचा अधिकार नागरिकास द्यावयाचा, हे ते उत्तर होय. हे उत्तर पुढे इतके रूढ झाले की, त्यापेक्षा निराळे उत्तर असू शकेल हेच आपण जवळजवळ विसरून गेलो. जुना वाडा दुरुस्त झाला, त्यात काचेची कपाटे मांडली, दारावर तिकीटघर बसले, की वास्तू ‘कलेसाठी खुली’ झाली असे आपण समजतो.

ह्या समजुतीची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी तंजावरच्या राजवाड्याचे उदाहरण घेतले आहे. मराठीच्या अभ्यासकास तंजावर परके नाही. मात्र आपल्याकडे तंजावरचा विचार बहुधा हस्तलिखितांच्या अंगाने झाला; वास्तूच्या अंगाने क्वचितच झाला. ग्रंथ जेथे लिहिले गेले, नाटके जेथे खेळली गेली, ती जागा आज कोणत्या कामी येते आणि कोणत्या कामी यावी, हा प्रश्न वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचा आहे असे मानणे म्हणजे नाटकास केवळ संहिता मानण्यासारखेच आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञांमध्ये भेद करणे आवश्यक आहे. ज्या ठिकाणी पूर्वी घडलेल्या कलावस्तू जतन करून दाखविल्या जातात, त्यास आपण कलासंग्रह म्हणू. ज्या ठिकाणी कला घडते, म्हणजे गायिली, नाचली, वाचली, शिकविली जाते, त्यास कलास्थान म्हणू. दोहोंचेही प्रयोजन मोठे आहे. परंतु एक म्हणजे दुसरे नव्हे. आणि एका वास्तूस पहिले रूप दिले म्हणजे दुसरे आपोआप सिद्ध होते, असेही नव्हे.

२

तंजावरचा राजवाडा एका राजाने एका काळी बांधलेला नाही. सोळाव्या शतकात तंजावरच्या नायक राजांनी त्याचा आरंभ केला. विजयराघव नायक हा ह्या घराण्याचा शेवटचा प्रभावी राजा. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाशी झालेल्या युद्धात तो मारला गेला, आणि त्यानंतरच्या धामधुमीत, १६७५–७६ च्या सुमारास, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी उर्फ एकोजी ह्यांनी तंजावरचा ताबा घेतला. पुढे १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षे, भोसले घराणे येथे नांदले. अंतस्थ चौक, कमानींची दालने, गूडगोपुरम् नावाने ओळखला जाणारा उंच मनोरा, सर्जा माडी, नायकांचा दरबार, मराठ्यांचा दरबार, संगीत महाल आणि सरस्वती महाल, अशी आज ह्या वास्तुसमूहाची स्थूल रचना सांगता येईल. तीत नायककालीन व मराठाकालीन कामे एकमेकांत इतकी मिसळली आहेत की, ‘हा भाग तुमचा, तो आमचा’ अशी वाटणी करू पाहणाऱ्याची फजितीच व्हावी.

ही वास्तू सार्वजनिक कशी झाली, हे पाहणे उद्बोधक आहे. १७९९ च्या तहाने सरफोजी राजांनी राज्यकारभार इंग्रजांच्या हवाली केला. राजांकडे किल्ला व राजवाडा एवढेच राहिले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना निवर्तले आणि कंपनी सरकारने संस्थान खालसा करून राजवाड्यातील मालमत्तेवर जप्ती आणली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दाद मागितली. परंतु लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये असा निर्णय दिला की, ही जप्ती म्हणजे राज्यसत्तेने केलेली कृती असून तीविषयी न्याय करण्याचा अधिकार न्यायालयास नाही. पुढे १८६२ मध्ये खाजगी मालमत्ता राण्यांस परत मिळाली. राजग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले, तेही राजघराण्याच्या वारसांनी त्यावरील आपला हक्क सोडून दिल्यानंतर. घराण्याचे वंशज राजवाड्याच्या एका भागात वास्तव्य करून राहिले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, ‘सार्वजनिक’ हा शब्द आपण फार निर्मळ मनाने वापरतो. तंजावरला सार्वजनिकत्वाची पहिली पायरी जप्तीची होती आणि दुसरी दानाची. वास्तू लोकांची होते म्हणजे केवळ दार उघडते असे नाही. कोणाच्या हातून कोणाच्या हाती ती गेली, हेही त्या वास्तूच्या अर्थाचा भाग होऊन राहते. जे कलादालन ही हकीकत सांगत नाही, ते आपल्या प्रेक्षकास अर्धेच घर दाखविते.

३

राजवाड्यातील कलासंग्रहाची स्थापना १९५१ मध्ये झाली. तिच्यामागे अशी हकीकत सांगितली जाते की, तंजावरजवळील करंदै येथील ब्रह्मदेवाची एक जुनी शिलामूर्ती कलकत्त्याकडे नेण्याचा बेत होता. गावकऱ्यांनी त्यास विरोध केला, जिल्हाधिकाऱ्यांनी मध्यस्थी केली, आणि ती मूर्ती राजवाड्यात आणून ठेवण्यात आली. संग्रहाचा जन्म लोकांच्या आग्रहातून झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मूर्ती गावची आहे, ती गावाजवळच राहावी, एवढीच त्या आग्रहामागील भूमिका. तिच्यात कलामीमांसेचा लवलेश नसला, तरी स्थानाविषयीची जाण आहे.

आज हा संग्रह मुख्यत्वे चोळकालीन कांस्यमूर्तींसाठी विख्यात आहे. तिरुवेंकाडू येथे भूमीत सापडलेल्या मूर्ती त्याचे भूषण होत. त्यांपैकी इ. स. १०११ चा वृषवाहन शिव हा भारतीय शिल्पकलेतील सर्वश्रेष्ठ कृतींमध्ये गणला जातो, आणि ते यथार्थच आहे. केसांचा सर्पवेष्टित जटाभार, एका पायावर टाकलेला देहाचा भार, दुसऱ्या पायाची सहज अढी, आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकविण्यासाठी सैल सोडलेला. मात्र नंदी आज तेथे नाही, तो लुप्त झाला आहे. हात हवेत आहे. तरी त्या हाताच्या विसाव्यातून आपणास नंदीची उंची, त्याची पाठ, त्याचे शांत उभे राहणेदेखील दिसू लागते.

संग्रहाने ह्या मूर्तीचे काय भले केले, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. देवळात उत्सवमूर्ती वस्त्रालंकारांनी आणि पुष्पमालांनी झाकलेली असते. शिल्पकाराने घडविलेली पाठ, कटी, नितंब, बोटांची वळणे ही भक्ताच्या दृष्टीस सहसा पडत नाहीत. दालनात ती पडतात. शिवाय दक्षिणेतील मूर्तींची चोरी आणि परदेशी विक्री ही काही कल्पित भीती नाही. बंदोबस्ताच्या जागेत ठेवलेली मूर्ती निदान सुरक्षित असते. तेव्हा ‘देव देवळात असावा’ एवढे म्हणून ह्या संग्रहास निकालात काढणे योग्य होणार नाही.

परंतु मूर्तीचे भले झाले म्हणून दालनाचे भले झाले असे होत नाही. हा संग्रह नायकांच्या दरबारात मांडला आहे. तेथेच सरफोजी राजांचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा उभा आहे. तो इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन ह्याने घडविला. राजे हात जोडून उभे आहेत. ह्याच फ्लॅक्समनने सरफोजींचे गुरू मिशनरी श्वार्ट्झ ह्यांचे स्मारकशिल्पही तंजावरच्या चर्चसाठी घडविले. आता असा विचार करावा : अकराव्या शतकातील चोळ देव, सोळाव्या-सतराव्या शतकातील तेलुगू राजांचे दालन, एकोणिसाव्या शतकातील मराठी राजा आणि त्यास आकार देणारा लंडनचा शिल्पकार, हे सारे एका छपराखाली एकत्र आले आहे. ह्याहून विलक्षण योग शोधून सापडावयाचा नाही. आणि तरीही मांडणी त्याविषयी मौन पाळते. मूर्तीखाली देवतेचे नाव, गाव आणि शतक असते. परंतु दालन हे दालन म्हणून काय होते, येथे कोण बसत असे, कोण गात असे, कोणास प्रवेश नव्हता, हे प्रेक्षकास आपल्या तर्काने जाणावे लागते. वास्तू येथे वस्तूंचे कोठार झाली आहे. कोठार उत्तम आहे ह्यात शंका नाही. पण ज्या दालनात कोणतीही मूर्ती ठेवली असता चालले असते, ते दालन आपले स्वत्व गमावून बसले असे म्हणणे भाग आहे.

१९५५ मध्ये तरंगंबाडीच्या किनाऱ्यास लागलेल्या एका प्रचंड देवमाशाचा सांगाडाही ह्याच वास्तुसमूहात प्रदर्शित करण्यात आला. मुलांस तो फार आवडतो, आणि त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. पण मोकळी जागा दिसली की तीत काहीही ठेवावे, ही वृत्ती त्यातून स्पष्ट होते.

४

ह्या दालनांत काय घडत असे, ह्याचे पुरावे दूर जाऊन शोधण्याची गरज नाही. ते त्याच राजवाड्यातील सरस्वती महालात आहेत. तेथील हस्तलिखितांत संस्कृताचा भरणा सर्वाधिक असला, तरी मराठी हस्तलिखितांची संख्याही तीन हजारांहून अधिक आहे. शाहराजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) नावावर मराठी व तेलुगू नाटके आहेत. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे १६९० च्या सुमाराचे मानले जाते. विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते १८४३ मध्ये. म्हणजे त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे मराठी भाषेत नाटके रचली जात होती, आणि ती महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, कावेरीच्या काठी.

ह्या वस्तुस्थितीचा आपल्याकडे बहुधा एकच उपयोग केला जातो : आद्य मराठी नाटककार कोण, ह्या वादात ती पुराव्यादाखल सादर होते. आम्हास हा वाद फारसा फलदायी वाटत नाही. तंजावरच्या नाटकांतील आरंभीचे देवतास्तवन, गणपतीचा प्रवेश, सूत्रधाराचे निवेदन आणि ‘दरू’ नावाची पदे पाहिली, म्हणजे त्यांचे नाते दक्षिणेतील यक्षगानाशी आहे हे उघड होते. भाव्यांनाही प्रेरणा मिळाली ती कर्कीच्या भागवतांच्या खेळांवरून. म्हणजे तेथेही यक्षगानच. दोन धारा एकमेकींतून निघाल्या नसतील, परंतु त्यांचे पाणी एकाच डोंगराचे आहे. तेव्हा तंजावरच्या नाटकाचे महत्त्व ते ‘पहिले’ असण्यात शोधू नये. एका भाषेचे नाटक दुसऱ्या भाषांच्या सहवासात कसे जन्मते, ह्याचा तो अस्सल पुरावा आहे. ह्यातच त्याचे महत्त्व आहे.

ह्या दृष्टीने शाहराजांचे ‘पंचभाषाविलास’ हे नाटक फार बोलके आहे. त्यात निरनिराळ्या देशींच्या राजकन्या श्रीकृष्णावर अनुरक्त होतात. त्या तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा आपापल्या भाषेत बोलतात, आणि संस्कृत ही पाचवी भाषा. हे नाटक पाहणाऱ्या दरबारास ह्या पाचही भाषा कमीअधिक समजत असल्या पाहिजेत. निदान न समजणाऱ्या भाषेचा कंटाळा येत नसावा. कारभार मोडीत, कीर्तन मराठीत, पद तेलुगूत, बाजार तमिळमध्ये, असे ते नगर होते. पुढे सरफोजींच्या काळात (१७९८–१८३२) पाश्चात्त्य वाद्ये आली. ‘नवविद्याकलानिधि’ नावाच्या छापखान्यात देवनागरी ग्रंथ छापले गेले. पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू ह्या चार बंधूंनी नृत्याचा क्रम बांधला, जो आज भरतनाट्याच्या कार्यक्रमास आधारभूत आहे. त्याच नृत्यपरंपरेसाठी मराठीत ‘निरूपणे’ रचली गेली. मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार तमिळ हरिकथेत गेले आणि तिचेच होऊन राहिले.

आता विसंगती पाहावी. ह्या नाटकांच्या संहिता एका दालनात आहेत. ज्या दरबारात राजे बसत, तो काही पावलांवर आहे. संगीत महाल, जो नादाच्या सोयीने बांधला गेला असे मानतात, तोही तेथेच आहे. परंतु ग्रंथालय एका व्यवस्थेखाली, कलादालन दुसऱ्या, स्मारकाची देखभाल तिसऱ्या. राजवाड्यातील मोडी कागदपत्रांचा मोठा भाग तमिळ विद्यापीठाकडे गेला. प्रत्येकाने आपापल्या परीने जतनाचे काम केले आहे. तरीही संहिता, जागा आणि प्रयोग ह्या तिहींची भेट घडविण्याचे दायित्व कोणा एकाकडे नाही. वृषवाहनाचा हात जसा हवेत आहे, तसाच हा राजवाडाही एका लुप्त झालेल्या आधारावर टेकून उभा आहे. तो आधार म्हणजे प्रयोग.

५

राजवाड्यास कलास्थान करण्याचे प्रयत्न अन्यत्र झाले आहेत. त्यांपैकी दोहोंचा विचार येथे उपयुक्त ठरेल.

इटलीतील जेनोव्हा नगरीचा ड्यूकल राजवाडा हा प्रजासत्ताकाच्या अधिपतींचा वाडा. १७७७ च्या आगीनंतर सिमोने कांतोनी ह्या वास्तुशिल्पीने त्याचा दर्शनी भाग नव्याने उभारला. प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपले आणि वाडा कचेऱ्यांच्या हाती गेला. जोव्हान्नी स्पाल्ला ह्यांच्या योजनेनुसार त्याचा जीर्णोद्धार होऊन कोलंबसाच्या प्रवासाच्या पाचशेव्या वर्षी, १९९२ मध्ये, तो नागरिकांस खुला झाला. ह्या जीर्णोद्धाराचा विशेष प्रदर्शनांपेक्षाही वाटेत आहे. शहरातील दोन चौकांच्या मध्ये हा वाडा आहे, आणि त्याच्या अंतर्भागातून एका चौकातून दुसऱ्या चौकात चालत जाता येते. ज्यास चित्रांशी काही कर्तव्य नाही, तोही वाड्यातून जातो. पूर्वी जेथे महासभा भरे, तेथे आज व्याख्याने आणि मैफली होतात. म्हणजे बोलण्याची जागा बोलण्यासाठीच राहिली. मात्र २००१ मध्ये आठ राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद येथेच भरली, तेव्हा भोवतीचा भाग अडथळे उभारून नागरिकांस बंद करण्यात आला. सत्तेस आपले जुने घर आठवते, हा त्यातून घ्यावयाचा धडा.

दुसरे उदाहरण जयपूरच्या नाहरगड किल्ल्यावरील माधवेंद्र भवनाचे. सवाई माधोसिंह दुसरे ह्यांनी बांधलेल्या ह्या महालात राण्यांसाठी एकसारखे नऊ निवास आहेत, आणि ते आतल्या मार्गिकांनी जोडलेले आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये राजस्थान शासन आणि एक खाजगी कलासंस्था ह्यांच्या सहकार्याने तेथे आधुनिक शिल्पांचे प्रदर्शन मांडण्यात आले. पीटर नॅगी हे त्याचे संयोजक होते. मुंबईच्या चित्रशिल्पकारांच्या कृतीही त्यात होत्या. लहान खोल्या, रंगविलेल्या भिंती आणि त्यांत एकेक शिल्प, ही योजना कल्पक होती. कृतीचा आकार खोलीच्या मापाने निवडला की वास्तू आणि वस्तू ह्यांच्यात संवाद होतो, हे तीवरून दिसून आले. परंतु येथेही एक उणीव जाणवते. ज्या नऊ स्त्रियांसाठी हे निवास बांधले गेले, त्यांच्या जीवनाशी, त्यांच्या बंदिस्तपणाशी प्रदर्शनाचे नाते आवश्यक म्हणून जुळत नाही. शिल्पे उसनी येतात आणि परत जातात; महाल त्यांस निवारा देतो. तो रम्य असला, तरी निवाराच.

जेनोव्हाने जुन्या उपयोगाचा धागा पकडला, जयपूरने जुन्या मापाचा. तंजावरकडे उपयोगाचा धागा आहे, माप आहे आणि शिवाय संहिताही आहेत. इतकी अनुकूलता क्वचितच एकत्र आढळते.

६

ह्यावर तीन आक्षेप संभवतात, आणि ते तिन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप जतनशास्त्राचा. जुन्या चुनेगच्चीस गर्दी, उष्ण दिवे, ध्वनिवर्धकांची कंपने आणि विजेच्या तारांसाठी पाडलेली भोके मानवत नाहीत. हा आक्षेप आम्हास पूर्णपणे मान्य आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारकाचा समाजोपयोगी वापर इष्ट मानला, परंतु त्यासाठी वास्तूची रचना वा अलंकरण बदलता कामा नये अशी मर्यादाही घातली. ह्या मर्यादेचा अर्थ वापर नको असा नाही. वास्तूने वापराचे माप ठरवावे, वापराने वास्तूचे नव्हे, असा आहे. दरबारातील यक्षगानास ध्वनिवर्धक लागत नव्हता. शेकडो नव्हे, साठ-सत्तर श्रोत्यांपुढे, दिवसाउजेडी, केवळ कंठ आणि मृदंग ह्यांवर होणारा प्रयोग भिंतींस पीडा देणार नाही. पीडा देतो तो महोत्सव. ज्यास हजारो प्रेक्षक, रंगीत झोत आणि प्रायोजकांच्या पाट्या हव्यात, त्याने दुसरे मैदान पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. राजदरबारातील कला सार्वजनिक नव्हती. ती राजाची होती. तेथे नाचणाऱ्या स्त्रिया देवदासींच्या आणि राजनर्तकींच्या परंपरेतील होत्या. १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासी वाहण्याची प्रथा बंद झाली आणि त्यांची कला अन्य वर्गांनी नव्या नावाने उचलली. तेव्हा ‘दरबारात पुन्हा नृत्य’ म्हणजे कोणाच्या श्रमाचे, कोणाच्या अपमानाचे पुनरुज्जीवन? हा प्रश्न टाळून केलेला प्रत्येक प्रयोग म्हणजे राजविलासाची नक्कल ठरेल. त्यागराजांनी राजदरबाराचे आमंत्रण नाकारून ‘निधी की सन्निधी’ असा प्रश्न केला, अशी परंपरागत कथा आहे. तंजावरच्या परिसरातील श्रेष्ठ कला राजवाड्याच्या आत होती तशी बाहेरही होती, आणि बाहेरची कधीकधी आतल्या कलेचा धिक्कार करीत होती. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, प्रयोग जुना असावा, पण प्रेक्षक नवा असावा. आणि प्रयोगाबरोबर त्या कलावंतांचा इतिहासही सांगितला जावा. चौघा बंधूंची नावे आपणास ठाऊक आहेत. ज्यांनी त्यांची रचना देहाने साकारली त्या स्त्रियांपैकी कितींची ठाऊक आहेत? सरस्वती महालातील व राजवाड्यातील मोडी कागदांच्या जमाखर्चांत कलावंतांच्या नेमणुका व वेतने ह्यांचा शोध घेणे, हे ह्या वास्तूच्या खऱ्या जीर्णोद्धाराचेच एक अंग आहे.

तिसरा आक्षेप आपल्यासंबंधीचा आहे. महाराष्ट्रातून तंजावरला जाणारा प्रवासी बहुधा ‘आपले’ शोधावयास जातो. बृहदीश्वराच्या प्राकारातील १८०३ चा भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहून त्याचा ऊर भरून येतो. ते स्वाभाविक आहे. परंतु देऊळ चोळांचे आहे आणि राजवाडा नायकांनी आरंभिलेला आहे, हे तो त्या भरात विसरतो. राजवाड्यास मराठी स्मारक बनविण्याची मागणी जर कोणी केली, तर ती इतिहासास धरून होणार नाही, आणि तमिळ नागरिकास ती आक्रमणासारखी वाटल्यास त्याचा दोष नाही. तंजावरच्या मराठी राजांचा मोठेपणा त्यांनी तेथे मराठी नेली एवढ्यातच नाही. त्यांनी तेलुगू व संस्कृत ग्रंथरचनेस आश्रय दिला, स्वतः परभाषेत रचना केल्या आणि आपल्या नाटकात आपल्या भाषेस पाचांतील एक केले. हा नम्रपणा वारसांस पेलतो काय, एवढाच प्रश्न आहे.

७

ह्या विवेचनातून निष्पन्न होणाऱ्या सूचना अल्प आहेत आणि खर्चिक नाहीत. कलादालनातील प्रत्येक मूर्तीबरोबर त्या दालनाचीही ओळख प्रेक्षकास करून द्यावी; ती तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी व इंग्रजी अशा भाषांत असावी, म्हणजे ‘पंचभाषा’ हा केवळ ग्रंथातील विलास राहणार नाही. सरस्वती महालातील नाट्यसंहितांचे पाठचिकित्सापूर्वक संपादन आणि तमिळ भाषांतर व्हावे. वर्षातून मोजक्या दिवशी, मोजक्या श्रोत्यांपुढे, संगीत महालात वा दरबाराच्या चौकात त्यांचे वाचन व प्रयोग व्हावेत. त्यांत तंजावर, मेलट्टूर व महाराष्ट्र येथील नट आणि गायक एकत्र यावेत. मेलट्टूरचा उल्लेख हेतुपूर्वक केला आहे. तेथील भागवतमेळा ही त्याच दरबारी काळाशी नाते सांगणारी तेलुगू नाट्यपरंपरा असून ती नरसिंहाच्या उत्सवात आजही जिवंत आहे. मोडी वाचणाऱ्यांची पिढी तयार करणे हे काम तर आपल्या विद्यापीठांचेच आहे. ते तंजावरवर ढकलता येणार नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात तंजावरच्या नाटकांवर एक परिच्छेद लिहून आपण पुढे जातो. त्या परिच्छेदात तारखा असतात, नावे असतात, जागा नसते. नाटक कोणत्या दालनात झाले, प्रकाश कोठून येत होता, राजा कोठे बसे, स्त्रिया कोठून पाहत, दूरच्या खांबाआडून सेवकास काय ऐकू जाई, हे प्रश्न संहितेचा अर्थ बदलू शकतात. सूत्रधार प्रेक्षकांस जे सांगतो ते दहा हातांवरून सांगतो की शंभर हातांवरून, ह्यावर त्या गद्याची लय अवलंबून असते. अशा अभ्यासास लागणारी दोन्ही साधने, संहिता आणि वास्तू, एकाच आवारात उपलब्ध असण्याचे भाग्य मराठी नाट्याभ्यासकास अन्यत्र लाभणे कठीण आहे.

राजवाड्याचा जीर्णोद्धार चुन्याने आणि विटांनी होतो, तो व्हावयासच हवा. पडक्या छपराखाली कोणी गात नाही. परंतु छप्पर सावरल्यावर त्याखाली काय व्हावे, हे गवंडी सांगू शकत नाही. ते त्या वास्तूस विचारावे लागते. तंजावरच्या राजवाड्याने आपले उत्तर तीनशे वर्षांपूर्वी पाच भाषांत लिहून ठेवले आहे. आपण ते जपून ठेवले, त्याची सूची केली, क्रमांक दिला. आता ते ज्या दालनासाठी लिहिले होते, तेथे एकदा मोठ्याने वाचून पाहणे एवढेच बाकी आहे.